लाकडी जमिनीची निगा: वऱ्हाडच्या हवेत फळी कशी टिकते

लाकडी जमिनीची निगा राखणे म्हणजे तिची चकाकी टिकवणे, अशी समजूत पॉलिशच्या डब्यांनी आणि त्यांच्या जाहिरातींनी रूढ केली असली, तरी फळीचे आयुष्य मुख्यतः ठरते ते तिच्यात पाणी किती शिरते आणि शिरलेले पाणी किती लवकर बाहेर पडते यावर; रोगण हे या हिशेबातले दुय्यम कलम होय. याचा एक जुना पुरावा महाराष्ट्रातच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या कमानीला बसवलेल्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात आणि त्या टिकल्या त्या कोणी त्यांना दरवर्षी तेलपाणी केले म्हणून नव्हे, तर पाऊस, ऊन आणि माती या तिन्हींपासून त्या दूर राहिल्या आणि त्यांच्या भोवती हवा खेळती राहिली म्हणून. उलट हेच सागवान ओल्या मातीत पुरले आणि वर उन्हात ठेवले, तर त्याची अवस्था काही वर्षांतच पालटू लागते.

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभरातील यात्रेकरूंना ठाऊक आहे. लाकडाच्या दृष्टीने मात्र त्याची ओळख वेगळी आहे, ती अशी की येथील हवा वर्षाच्या दोन टोकांना जवळजवळ दोन वेगळ्या प्रदेशांसारखी वागते. कोकणात लाकडाला बाराही महिने दमटपणाची सवय होते आणि राजस्थानात कोरडेपणाची. वऱ्हाडात मात्र मे महिन्यात ओठ फुटावेत इतकी कोरडी हवा आणि जुलैत पापड वाळू नयेत इतकी ओल, असा झोका फळीला दरवर्षी सोसावा लागतो. त्यामुळे परदेशी पुस्तिकांतील किंवा मुंबईच्या दुकानदारांच्या सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत लाकडी जमीन असे ती बहुधा माडीवर. भिंतींवर आणि खांबांवर तुळया, तुळयांवर ठरावीक अंतराने कड्या आणि कड्यांवर सलग बसवलेल्या फळ्या, म्हणजेच पाट, अशा या रचनेला कडीपाट म्हणतात. पुष्कळ घरांत पाटांवर मातीचा थर देऊन तो शेणाने सारवला जाई, तर काही घरांत फळी उघडीच राही आणि पायांच्या घर्षणानेच ती गुळगुळीत होई. खालच्या मजल्यावर लाकडी खांब थेट जमिनीत न रोवता तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडाच्या बैठकीवर, उभा केला जाई. हा तळखडा शोभेसाठी नव्हता. जमिनीतील ओल लाकडाच्या उभ्या रेषांतून सर्वांत वेगाने वर चढते आणि वाळवीही तिथूनच चढते, म्हणून लाकूड आणि माती यांच्यामध्ये दगड घालणे ही पुढच्या शंभर वर्षांची निगा बांधकामाच्या पहिल्याच दिवशी उरकून टाकण्याची युक्ती होती.

लाकूड तोडून, चिरून, वाळवून, रोगण लावून झाल्यावरही हवेतील बाष्प घेत आणि सोडत राहते. झाडाच्या पेशींच्या भिंती मुख्यतः ज्या सेल्युलोजच्या बनलेल्या असतात, ते सेल्युलोज पाण्याचे रेणू धरून ठेवते. हवा दमट झाली की भिंती फुगतात, कोरडी झाली की आकसतात. एखाद्या तापमानाला आणि हवेच्या एखाद्या आर्द्रतेला लाकूड पुरेसा काळ ठेवले असता त्यातला ओलावा ज्या प्रमाणावर स्थिरावतो, त्याला समतोल आर्द्रता म्हणतात आणि ती कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. तापमान 40 अंश सेल्सिअस आणि हवेची सापेक्ष आर्द्रता 20 टक्के असताना ही समतोल आर्द्रता 4 ते 5 टक्के येते, तर 27 अंश आणि 85 टक्के असताना ती 17 ते 18 टक्क्यांवर जाते. वऱ्हाडातला उन्हाळा आणि पावसाळा साधारण याच दोन आकड्यांच्या मध्ये हेलकावतो. जाड फळीला हवेबरोबर धावता येत नाही, ती मागे रेंगाळते, म्हणून घराच्या आतल्या फळीचा प्रत्यक्ष झोका 6 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान धरला तरी पुरे.

या 8 टक्क्यांचा अर्थ मोजून पाहण्याजोगा आहे. खोडाच्या वर्तुळांना समांतर अशा आडव्या दिशेने सागवान दर 1 टक्का ओलाव्यामागे सुमारे 0.2 टक्के आकसते किंवा फुगते. म्हणजे 150 मिलिमीटर रुंदीची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत जवळजवळ 2.4 मिलिमीटरने रुंद होते, आणि अशा 20 फळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या 3 मीटर रुंदीच्या खोलीत ही वाढ 5 सेंटिमीटरच्या जवळ पोचते. लांबीच्या दिशेने लाकूड जवळपास हलत नाही. वर्तुळांना छेद जाईल अशा रीतीने चिरलेल्या फळीत हीच हालचाल सुमारे निम्मी होते, म्हणून जाणता सुतार जमिनीसाठी तशी फळी निवडतो आणि ती महाग पडते. सागवानाचा लौकिक केवळ न कुजण्यामुळे नाही. इतर अनेक कठीण लाकडांच्या तुलनेत ते कमी हलते, हे त्याच्या मागणीचे तितकेच मोठे कारण आहे. विदर्भात आलापल्ली आणि बल्लारपूर ही नावे या लाकडामुळे व्यापारात मानाने घेतली जातात.

या आकड्यांतून निगेचा एक नियम निघतो, जो घरमालकांना पटवणे सर्वांत कठीण जाते: मे महिन्यात फळ्यांमध्ये दिसणाऱ्या फटी बुजवू नयेत. उन्हाळ्यात फट दिसली की रंगारी बोलावून तिच्यात लांबी, म्हणजे फटी भरण्याचा घट्ट होणारा लगदा, भरून घेतला जातो. जुलैत फळ्या फुगू लागतात, त्यांना सरकायला जागा उरत नाही आणि मग त्या मधूनच उचलल्या जातात किंवा त्यांच्या कडा एकमेकींना चेंगरून कायमच्या दबतात. पुढच्या उन्हाळ्यात फट आधीपेक्षा मोठी दिसते, कारण दबलेली कड पूर्वीच्या रुंदीला परतत नाही. फट मोजायची आणि भरायची असेल तर ती डिसेंबर-जानेवारीत, लाकूड वर्षाच्या मधल्या ओलाव्यावर असताना; नवी जमीन बसवण्याचा काळही तोच, आणि भिंतीलगत 10 ते 12 मिलिमीटरची जी मोकळी जागा पट्टीखाली लपवली जाते तिच्यात कोणीही सिमेंट भरू देऊ नये.

वऱ्हाडी घरात या गणितात आणखी एक पात्र शिरते, ते म्हणजे कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडी छिलक्यांच्या पडद्यांतून पाणी झिरपवून हवा थंड करणारे हे यंत्र खोलीतली आर्द्रताही वाढवते, त्यामुळे ज्या खोलीत कूलर चालतो तिथली फळी भर उन्हाळ्यातही तितकी आकसत नाही आणि ज्या खोलीत तो नाही तिथली आकसते. एकाच माडीवरच्या दोन खोल्यांत फटींची रुंदी वेगळी दिसण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ही बाब स्वतःहून वाईट नाही, किंबहुना लाकडाच्या दृष्टीने थोडी हितकारकच आहे. वाईट आहे ते कूलरच्या टाकीतून ठिबकणारे पाणी आणि झोताच्या थेट समोर येणाऱ्या दोन-तीन फळ्यांवर दिवसरात्र बसणारी ओल. कूलर लाकडी जमिनीवर न ठेवता खिडकीबाहेरच्या घोडीवर ठेवणे, आणि ते शक्य नसेल तर त्याच्याखाली कडा असलेला पत्र्याचा ट्रे ठेवून तो रोज रिकामा करणे, या दोन गोष्टी कोणत्याही महागड्या रोगणापेक्षा जास्त काम करतात.

रोगणांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील रोगण लाकडाच्या वर पातळ पापुद्र्यासारखे बसते: चपड्याचे पॉलिश, जुने तेलमिश्रित व्हार्निश, मेलामाइन आणि आज सर्वाधिक वापरले जाणारे पॉलियुरेथेन, ज्याला बाजारात नुसते पीयू म्हणतात. दुसऱ्या वर्गातील द्रव्य लाकडाच्या आत मुरते आणि पेशींमध्ये घट्ट होते. जवसाचे तेल हे त्याचे परिचित उदाहरण. निगेची पद्धत या दोन वर्गांत इतकी भिन्न आहे की आपल्या जमिनीवर काय लावलेले आहे हे ठाऊक नसताना काहीही लावणे हा निव्वळ जुगार ठरतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. कोपऱ्यात, कपाटाखाली, पाण्याचा एक थेंब टाकावा: तो काही मिनिटे मण्यासारखा उभा राहिला तर वर पापुद्रा शाबूत आहे, लाकूड गडद करून आत जिरला तर पापुद्रा नाही किंवा झिजला आहे. मग त्याच कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस टेकवावा. पृष्ठभाग चिकट होऊन कापसाला रंग आला, तर ते चपड्याचे पॉलिश आहे असे समजावे.

चपडा म्हणजे लाखेचे शुद्ध केलेले पातळ पापुद्रे. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसाहत करतो आणि स्वतःभोवती जी राळ स्रवतो ती खरवडून, वितळवून, ताणून चपडा तयार होतो. पूर्व विदर्भातील पळसाच्या रानांतही लाख घेतली जाते. स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेले हे पॉलिश जुन्या फर्निचरवर जी खोल, उबदार झाक देते तिला तोड नाही. जमिनीवर मात्र ते नाजूक ठरते: गरम भांडे ठेवले की पांढरे वर्तुळ उमटते, पाणी साचले की धुरकट डाग पडतो आणि पावसाळ्यात लावले तर आख्खा थरच दुधाळ होतो. त्याचा एक गुण मात्र पीयूमध्ये नाही. जुन्या थरावर नवा थर चढवला की स्पिरिट जुन्याला विरघळवून एकजीव करते, म्हणून चपड्याची जमीन पूर्ण न खरवडता, जिथे झिजली तिथेच दुरुस्त करता येते. पीयूचा थर कठीण आणि पाण्याला दाद न देणारा, पण एकदा लाकडापर्यंत झिजला की सगळीच जमीन घासून काढावी लागते. म्हणून पीयूची जमीन निस्तेज दिसू लागताच, लाकूड उघडे पडण्यापूर्वीच, वरचा थर बारीक पॉलिशपेपरने नुसता खरखरीत करून त्यावर एक नवा हात द्यावा.

जवस विदर्भाला चटणीमुळे माहीत आहे. सुताराला ते माहीत असते बेलतेल म्हणून. जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल सामान्यतः निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते आणि हे आम्ल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून रेणूंची जाळी विणते, त्यामुळे तेल सुकत नाही, तर घट्ट होते. शेंगदाणा, खोबरे किंवा मोहरीच्या तेलाला हे जमत नाही. ती तेले लाकडावर कायम चिकट राहतात आणि धूळ धरतात, म्हणून घरातले उरलेले तेल झोपाळ्याच्या फळीला किंवा जमिनीला चोळण्याची सवय सोडावी. करडईचे तेल मधल्या जातीचे आहे, ते घट्ट होते पण फार सावकाश. बेलतेल लावताना चूक होते ती बहुधा हात सैल सुटल्याने: पातळ हात देऊन अर्ध्या तासाने जे मुरले नाही ते कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे लागते, नाहीतर वर सुरकुतलेला चिकट थर राहतो.

त्या फडक्यांविषयी येथेच एक सूचना द्यावी लागते, कारण तिच्याअभावी घरे जळाली आहेत. बेलतेल घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते; तेलात भिजलेली फडकी चुरगळून ढिगाने ठेवली तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता फडकी पेट घेऊ शकतात. वापरलेले फडके उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत अशी फडकी टाकून जाणे म्हणजे निखारा ठेवून जाण्यासारखेच आहे.

वनस्पतिजन्य रोगणांत आणखी एक कुळ मोलाचे आहे, ज्यात आंबा, काजू आणि बिब्बा यांचा समावेश होतो. काजूच्या टरफलातून निघणारे तेल कोकणात लाकूड आणि होड्या रक्षिण्यासाठी वापरले गेले, आणि जपान-चीनमधील प्रसिद्ध लाखकामाचा रसही याच कुळातल्या एका झाडाचा आहे. या सर्वांत फिनॉल जातीची संयुगे असतात, जी घट्ट होऊन कीड आणि ओल यांना न जुमानणारा काळपट थर बनवतात. बिब्ब्याचा रस त्याच जातीचा असला, तरी तो घरातल्या जमिनीला लावण्याचा मोह टाळावा: बिब्बा उतला की कातडीवर जे फोड येतात ते वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाहीत, आणि पूर्ण घट्ट न झालेल्या फळीवर अनवाणी चालणाऱ्या मुलाला तेवढ्यासाठी धोक्यात घालू नये.

रोजच्या साफसफाईत लाकडाचा पहिला शत्रू पाणी नसून कचकच आहे. तळव्यांना आणि चपलांना चिकटून आलेल्या धुळीतील वाळूचे कण रोगणाहून कितीतरी कठीण असतात आणि प्रत्येक पावलागणिक ते पॉलिशपेपरचेच काम करतात. यात्रेकरूंची वर्दळ असलेल्या गावात, जिथे पाहुणे एकामागून एक येतात आणि काळ्या मातीचा चिखल सुकून भुकटी होतो, तिथे दाराबाहेर जाड काथ्याचे पायपुसणे आणि आत दुसरे सुती, एवढी तजवीज केल्यास वर्षानुवर्षांची झीज वाचते. मऊ कुंच्याने रोज झाडावे, आणि पुसायचे तर फडके पिळून घट्ट केलेले, नुसते दमट असावे. बादलीभर पाणी ओतून लादीसारखी पुसलेली लाकडी जमीन फळ्यांच्या सांध्यांतून पाणी पिते आणि कडा वर उचलून पन्हळीसारखी होते. फिनाइल, ॲसिड आणि धुण्याचा सोडा यांना लाकडी जमिनीवर अजिबात थारा देऊ नये, कारण सोडा सागवान काळवंडवतो आणि ॲसिड रोगणासह खिळ्यांनाही खाते. घासकामाआधी जमिनीची रचनाही पाहावी: ज्या जमिनीत वरचा केवळ 2 ते 4 मिलिमीटरचा थर खऱ्या लाकडाचा आणि खाली प्लायसारखी रचना असते, तिला आयुष्यात एकदा-दोनदाच घासता येते. नुसता लाकडाचा छापील कागद चिकटवलेल्या लॅमिनेटला एकदाही नाही, आणि ते पाण्याने एकदा फुगले की परत बसत नाही.

वार्षिक कामाचा मुहूर्त हा वेगळा प्रश्न आहे. दिवाळीआधी घर घासूनपुसून रंगवण्याची रीत असल्याने लाकडी जमीनही तेव्हाच घासायला काढली जाते; पण पावसाळा नुकताच सरलेला असतो, फळीच्या पोटात ओलावा शिल्लक असतो आणि त्यावर पीयूचा अभेद्य थर दिला तर तो ओलावा खालच्या अंगानेच बाहेर पडतो, फळी वाकते आणि थरात बुडबुडे उठतात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वार्थाने बरा. पाहुणे दिवाळीत येणार म्हणून घाई करणाऱ्यांनी फार तर जुन्या थरावर मेणाचा पातळ हात द्यावा आणि घासकाम थंडीवर सोडावे.

घराबाहेरच्या लाकडी चौथऱ्याची, म्हणजे हल्ली हॉटेलांत आणि शेतघरांत दिसणाऱ्या डेकची, कथा अधिक कठीण आहे, आणि शिरपूरच्या परिसरात ती मुळापासून, म्हणजे शब्दशः पायापासून, सुरू होते. काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. डेकचे खांब या जमिनीत उथळ रोवले तर दरवर्षी ते वरखाली होतात, कड्या तिरप्या होतात आणि मग फळ्यांना कितीही तेल पाजले तरी स्क्रू निसटत राहतात. पाया काळ्या मातीतून खाली मुरुमापर्यंत न्यावा, खांब मातीला न टेकता दगडी तळखड्यावर किंवा लोखंडी बुटावर उभा राहावा, आणि दोन फळ्यांत 5 ते 6 मिलिमीटर अंतर ठेवून त्यांना घरापासून बाहेर हलका उतार द्यावा. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांहून अधिक ओलावा दीर्घकाळ लागतो. फळीखालून हवा वाहती असेल तर पावसानंतर ओलावा त्या मर्यादेखाली लवकर उतरतो आणि बुरशी रुजू शकत नाही. फटींत अडकलेली कडुलिंबाची आणि चिंचेची पाने पातळ पट्टीने काढत राहणे हे दिसायला क्षुल्लक, पण डेकच्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम आहे, कारण सडकी पाने ओल धरतात. वाळवी मातीच्या नळ्या बांधत वर येते. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा वाकून खांबांचे पाय पाहिले तर ती नळी फळीपर्यंत पोचण्यापूर्वीच मोडता येते.

उन्हाचे काम निराळे. अतिनील किरणे लाकडातील लिग्निनला, म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंना बांधून ठेवणाऱ्या द्रव्याला, मोडतात. पाऊस ते तुकडे धुऊन नेतो आणि मागे राखाडी तंतू उरतात. हा राखाडी थर अतिशय पातळ असतो, त्याने फळीचे बळ कमी होत नाही, आणि ज्याला तो रंग आवडतो त्याने तसाच राहू द्यावा. पारदर्शक व्हार्निश बाहेर लावण्यात मात्र शहाणपण नाही: किरणे त्यातून आरपार जातात, खालचे लिग्निन तुटते आणि वरचा पापुद्रा धरायला काही न उरल्याने तो सोलून निघतो. बाहेर लावायचे ते मुरणारे आणि रंगद्रव्य असलेले तेल. वऱ्हाडच्या उन्हात ते वर्षातून एकदा, आणि दक्षिणेचे ऊन थेट असेल तर दोनदा लावावे लागते. साधे बेलतेल बाहेर वापरू नये, कारण पावसाळ्यात काळी बुरशी तेच तेल खाऊन पसरते. शेवाळ दिसताच रेषेच्या दिशेने मऊ ब्रशने घासावे; प्रेशरचे पाणी तंतू उपटते आणि फळी केसाळ करते. लोखंडी खिळ्यांभोवती पडणारे निळे-काळे डाग लाकडातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने होतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ते जातात, पण ते विषारी असल्याने हातमोजे घालून वापरावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आरंभीच वापरल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही.

हे सारे लक्षात घेता शिरपूरसारख्या ठिकाणी उघड्या आकाशाखालचा डेक बांधण्यापेक्षा त्याच फळ्या पुढे आलेल्या छपराखालच्या ओसरीत घालणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तिथे ऊन आणि पाऊस दोन्ही फळीपर्यंत क्वचितच पोचतात, वर्षातून एकदा-दोनदा तेल देण्याचा खर्च सुटतो, आणि डेकसाठी जे सागवान घ्यावे लागते त्याऐवजी स्वस्त जातीचे, नीट वाळवलेले लाकूडही चालून जाते.